पेनसिल्व्हेनिया आणि पेण

८ नोव्हेंबर २०२०, रविवार. दिवाळी आठवड्यावर आली होती. टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या आणि मी गागोदे बुद्रुकला एका विद्यार्थ्याच्या घरी पुस्तके नि स्वाध्यायाचे कागद पोहोचवायला गेलो होतो. ऑनलाइन शिक्षण नावाची जी वस्तू त्या वर्षी शहरात निघाली, ती आमच्या पेण तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाड्यांवर काही पोहोचली नव्हती. मोबाइलला रेघ मिळेपर्यंत पोराने टेकाड चढायचे, आणि रेघ मिळाली की तास संपलेला असायचा. म्हणून कागद घेऊन मीच फिरत होतो.

एका घराच्या ओट्यावर एक वयस्क गृहस्थ वर्तमानपत्र पसरून बसले होते. मला पाहताच म्हणाले, "या गुरुजी. पेनसिल्व्हेनियाने केला की निकाल!" आणि पुढची दहा मिनिटे त्यांनी मला अमेरिकेची निवडणूक समजावून सांगितली. टपालाने आलेली मते कोणती, ती आधी का मोजली नाहीत, कोणत्या राज्यात लखोटा उशिरा आला तरी चालतो, फिलाडेल्फिया शहराची मते कोणाकडे झुकतात. गृहस्थ सातवी शिकलेले. त्यांचे एक वाक्य चुकले नाही. मला त्यांचे कौतुकच वाटले. जो माणूस ओट्यावर बसून एवढे समजून घेऊ शकतो त्याला काहीही समजावून सांगता येईल, असे मनात आले.

मग मी सहज विचारले, "काका, वाडीवरचे कातकरी कधी निघणार?"

"दिवाळी झाली की. मुकादम उचल देऊन गेला."

"आणि जानेवारीत ग्रामपंचायतींचे मतदान लागले तर? त्यांच्या मतांचे काय?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. "त्यांचे काय? ते तेव्हा नसतातच की." आणि त्यांनी पान उलटले.

या लेखात मला जे म्हणायचे आहे ते सगळे त्या उलटलेल्या पानात आहे. घरापासून दूर असलेल्या माणसाचे मत कसे गोळा करावे, कसे जपावे, कसे मोजावे, हा त्या आठवड्यातला मराठी वर्तमानपत्रांचा सर्वांत मोठा विषय होता. चित्रे, नकाशे, चौकटी काढून तो मांडलेला होता. आणि हाच प्रश्न वाचकाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर उभा होता. पण वाचकाला तो प्रश्न आहे असे वाटत नव्हते, कारण तो कधी छापूनच आला नव्हता.

रायगड जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. आमच्याकडे भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की कातकरवाड्या रिकाम्या होऊ लागतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळसा पाडायला. मुकादमाने पावसाळ्यात दिलेली उचल अंगावर असते, ती फेडायला सगळे घर जाते. पोरे, कोंबड्या, भांडीकुंडी सगळे. परत येतात ते शिमग्याच्या पुढे, कित्येक तर पाऊस तोंडावर आला म्हणजे. या मधल्या काळात जी निवडणूक लागेल ती त्यांच्याविना होते. त्यांची नावे यादीत असतात. माणसे यादीत नसती तर निदान ओरड करता आली असती.

त्या वर्षी डिसेंबरात निवडणूक आयोगाने कार्यक्रम जाहीर केला. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींचे मतदान आणि १८ तारखेला मोजणी. ६ जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये जमावाने संसद भवनावर हल्ला केला आणि २० जानेवारीला नव्या अध्यक्षांचा शपथविधी होता. या दोन तारखांच्या मध्ये आमच्या ग्रामपंचायती चेपून बसल्या.

मी अधूनमधून एका दैनिकाला बातम्या पाठवीत असे. त्याचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही दैनिकात वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. मतदानाच्या दिवशी मी एका वाडीवर गेलो. बत्तीस झोपड्यांपैकी सव्वीस बंद. दाराला कुलूप नव्हते, कुडाचे दार सुंभाने बांधलेले होते. राहिले होते ते म्हातारे, आणि एक बाळंतीण. मी मतदारयादी घेऊन नावे पडताळली, कोण कुठल्या भट्टीवर आहे ते विचारून लिहून घेतले, आणि दोन कागदांची बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी छापून आले ते असे: तालुक्यात मतदान शांततेत पार पडले. मी फोन केला तर उपसंपादक चांगल्या शब्दांत म्हणाले, "सर, तुमचा मजकूर चांगला आहे, पण सध्या अमेरिकेची एवढी गडबड आहे की आतल्या पानालाही जागा नाही. आणि तुमच्या बातमीत घडले काय?"

घडले काय, हा प्रश्न मला तीन-चार वर्षे चावत राहिला. त्यांच्या बाजूने तो बरोबर होता. माझ्या बातमीत काहीच घडले नव्हते. सव्वीस घरे मतदानाला आली नव्हती, आणि न येणे ही वृत्तपत्राच्या व्याख्येत घटना नाही.

परदेशातली निवडणूक गावातल्या बातमीवर सावली का धरते, याची सोपी उत्तरे आपल्याकडे तयार असतात. अमेरिका बलाढ्य आहे, तिथल्या निर्णयांचा परिणाम जगावर होतो, आपली मुले तिथे नोकरीला आहेत. ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. नॉर्वेचे योहान गाल्टुंग आणि मारी रूगे यांनी १९६५ मध्ये काँगो, क्यूबा आणि सायप्रस इथल्या पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेतल्या वर्तमानपत्रांत कशा आल्या याचा अभ्यास केला होता. त्यांना दिसले ते असे, की बलाढ्य राष्ट्र, बलाढ्य माणूस, एका दिवसात मावणारी घटना आणि काहीतरी विपरीत घडणे, एवढे जुळले की बातमी होते. यातले जितके कमी जुळेल तितकी ती मागे पडते. या मापाने पाहिले तर अध्यक्षपदाची निवडणूक ही बातमीची आदर्श मूर्ती आहे. दोन माणसे, एक दिवस, एक नकाशा, दोन रंग. आणि आमची वाडी? तिथे माणूस बलाढ्य नाही, घटना एका दिवसात मावत नाही. उचल घेतली श्रावणात, मत बुडाले पौषात, आणि त्याचा परिणाम, म्हणजे वाडीला पाण्याची नळजोडणी न मिळणे, तो दिसणार पुढच्या चैत्रात. ही बातमी कोणत्या दिवशी छापायची?

यात एक गोष्ट जर्मनीतून शिकण्यासारखी आहे. तिथेही अमेरिकेच्या निवडणुकीला पानेच्या पाने दिली जातात. ६ नोव्हेंबर २०२४ ला ट्रम्प निवडून आल्याची बातमी तिथली सगळी माध्यमे सकाळपासून चघळत होती, आणि त्याच संध्याकाळी बर्लिनमध्ये चान्सलर शोल्त्स यांनी आपल्या अर्थमंत्र्याला काढून टाकले आणि त्यांचे स्वतःचे आघाडी सरकार कोसळले. परक्याच्या घराकडे टक लावून बसलेल्या माणसाच्या मागे स्वतःची भिंत पडावी तसे झाले. तरीही जर्मन वाचकाचे अमेरिकेकडे पाहणे मी समजू शकतो. त्याच्या देशात अमेरिकन फौजा दुसऱ्या महायुद्धापासून आहेत, त्याच्या मोटारी अमेरिकेत विकल्या जातात, त्याचे संरक्षण नाटो करारावर टेकलेले आहे. शिवाय तिथे जिल्ह्याजिल्ह्याची म्हणून स्वतःची जुनी दैनिके आहेत. त्यांचा खप घटत असला तरी गावच्या नगरसभेची हकिकत छापणे हे आपले काम आहे असे ती मानतात. आमच्याकडे जिल्ह्याची पुरवणी निघते ती कोणासाठी? तिच्यात वाढदिवस असतात.

इथे मी मुद्द्याला हात घालतो. माझ्या मते आपल्याकडे परदेशी निवडणूक गावच्या बातमीवर मात करते ती तिच्या मोठेपणामुळे नव्हे, ती फुकट आणि बिनधोक असल्यामुळे. बिडेन जिंकले की हरले, काहीही लिहा, तुमच्यावर तहसीलदार रागावत नाही, ठेकेदार जाहिरात बंद करीत नाही, सरपंचाचा भाऊ रात्री घरी येत नाही. मजकूर वृत्तसंस्थेकडून तयार येतो, छायाचित्रासकट. वेळही सोयीची: तिकडची रात्र ती इकडची सकाळ, म्हणजे दूरचित्रवाणीला चहाबरोबर मोजणी दाखवता येते. उलट तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती काय आहे? त्याला पगार नसतो किंवा नावापुरता असतो. तो जगतो जाहिरातीच्या दलालीवर. पंधरा ऑगस्टला, दिवाळीला, आमदारांच्या वाढदिवसाला त्याने जाहिराती गोळा करायच्या. कोणाकडून? ज्यांच्याविरुद्ध बातमी लिहायची त्यांच्याकडूनच. मी या वार्ताहरांना दोष देत नाही. त्यांतले कित्येक आपलीच मुले आहेत, पदवी घेतलेली, दुसरी नोकरी न मिळालेली. पण ज्याची चूल सरपंचाच्या जाहिरातीवर पेटते त्याच्याकडून सरपंचाच्या निवडणुकीची खरी बातमी कशी येणार?

आणि निवडणुकीत तर बातमी हीच विकायची वस्तू झाली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या दैनिकांनी उमेदवारांकडून पैसे घेऊन जाहिराती बातम्यांच्या वेषात छापल्या, हे पी. साईनाथ यांनी उघड केले. मुख्यमंत्र्यांवरचा अक्षर न अक्षर सारखा मजकूर परस्परांच्या स्पर्धक दैनिकांत वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावांनी आला होता. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर अहवाल दिला, आणि प्रेस कौन्सिललाच तो पूर्ण प्रसिद्ध करायला जड गेले. म्हणजे असे पाहा: गावची, जिल्ह्याची निवडणूक ही दरपत्रकातली बाब, तिथे पैसे मोजल्याशिवाय नाव येत नाही. पेनसिल्व्हेनियाचा उमेदवार मराठी दैनिकाला पैसे देत नाही, म्हणून त्याच्याविषयी मात्र निःपक्षपाती, अभ्यासपूर्ण, सचित्र लेखन होते. मराठी वाचकाला खरी राजकीय पत्रकारिता वाचायची असेल तर त्याने अमेरिकेच्या निवडणुकीची वाट पाहावी, अशी ही अवस्था आहे.

आता पेणची एक गोष्ट. २००८ च्या सप्टेंबरात सगळे जग अमेरिकेकडे पाहत होते. १५ तारखेला लेहमन ब्रदर्स बुडाली होती आणि ओबामा विरुद्ध मॅकेन हा सामना रंगात होता. त्याच महिन्यात, २१ सप्टेंबरला, आमच्या पेण तालुक्यातल्या बावीस गावांत एक मतदान झाले. महामुंबई सेझसाठी आपली जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांचे जनमत सरकारी यंत्रणेने घेतले. ही गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. ज्या जमिनीला धरणाचे पाणी मिळायचे ती जमीनच कंपनीला जाणार होती. शेतकऱ्याला त्याच्या जमिनीविषयी मतपेटीतून विचारणे, हे या देशात क्वचित घडलेले होते. बातमी आलीच नाही असे मी म्हणणार नाही. आली, मोठ्या दैनिकांतही आली. पण जनमताचा पाठपुरावा झाला नाही. सरकारने तो निकाल रीतसर जाहीर करून स्वतःला त्याने बांधून घेतले नाही, आणि का घेतले नाही हे सरकारला रोज उठून विचारणारे वर्तमानपत्र मला दिसले नाही. नोव्हेंबरात ओबामा निवडून आले तेव्हा लोकशाहीच्या विजयावर जे अग्रलेख मी वाचले, त्यांतल्या एकात तरी पेणच्या या मतदानाचा उल्लेख असावा अशी माझी वेडी अपेक्षा होती. सेझ पुढे उभा राहिला नाही. हेटवण्याचे पाणी आजही सिडकोच्या नळांतून नवी मुंबईला जाते, आणि आमच्या खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ही बातमी दर वर्षी येते, दर वर्षी तेवढ्याच ओळींची.

पेणचे नाव हमखास छापून येते ते एकाच प्रसंगी. उन्हाळ्यात गणपतीच्या मूर्तींच्या पेट्या बोटीने अमेरिकेला निघाल्या म्हणजे. त्यावर फोटोसह बातमी ठरलेली. अमेरिकेला जाणारा पेणचा माणूस तर सोडाच, पेणची मातीसुद्धा बातमी होते. वीटभट्टीवर जाणारा होत नाही.

खुद्द गागोद्याचेही तसेच आहे. ११ सप्टेंबर १८९५ ला या गावी विनोबा भावे जन्मले आणि म्हणून हे नाव पुस्तकांत आहे. दर वर्षी त्या तारखेला इथे माणसे येतात. २००१ पासून मात्र ही तारीख न्यूयॉर्कची झाली, आणि विनोबांनासुद्धा आतल्या पानावर जावे लागले! पण मला दुसरेच सांगायचे आहे. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली ती तिथल्या दलित कुटुंबांनी जमीन मागितली म्हणून. ऐंशी एकर मागितली, एका जमीनदाराने शंभर देतो म्हटले. मे १९५३ मध्ये विनोबांचे चित्र अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले, १९५८ मध्ये मॅगसेसे पारितोषिक मिळाले. देणाऱ्या रामचंद्र रेड्डींचे नाव इतिहासात राहिले. मागणाऱ्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? विनोबांच्या मार्गाविषयी माझे मत वेगळे आहे. जमीन हा दानाचा नव्हे, हक्काचा विषय आहे असे मी मानतो. पण इथे प्रश्न बातमीचा आहे. गागोद्यापासून न्यूयॉर्कपर्यंत बातमी ज्या वाटेने गेली, त्या वाटेत मागणारे गळून पडले.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही अमेरिकेवर उगाच राग काढता. मी काढत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. ती गोष्ट मोठ्या वर्तमानपत्रांच्या नीट ध्यानात यायला महिना लागला. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा ती पहिल्या पानावर गेली. तेव्हा काही अमेरिकेचा अध्यक्ष निवडला जात नव्हता. त्या सावलीला अमेरिका कारण नव्हती. परदेशी निवडणूक नसती तर ती जागा कातकरवाडीला मिळाली असती, असे समजणे भाबडेपणाचे आहे. ती क्रिकेटला मिळाली असती. परदेशी बातमी गावच्या बातमीला ढकलून बाहेर काढत नाही. बाहेर ती आधीच असते.

ती बाहेर का असते, याचे उत्तर कचेरीत बसलेल्या माणसांत आहे. १९९६ मध्ये एका परदेशी वार्ताहराने बी. एन. उनियाल यांना विचारले, की मला एखाद्या दलित पत्रकाराशी बोलायचे आहे, गाठ घालून द्याल का? उनियालांनी दिल्लीतल्या अधिस्वीकृत पत्रकारांची यादी धुंडाळली, ओळखीच्यांना विचारले. त्यांना एकही सापडला नाही. त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहून टाकले. लक्षात घ्या, तीस वर्षे पत्रकारितेत घालवलेल्या माणसाला हा प्रश्न परदेशी माणसाने विचारेपर्यंत पडला नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी इंग्रजी-हिंदी माध्यमांची पाहणी केली: नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर सवर्ण, अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. मराठीची अशी मोजणी कोणी केली तर मला ती वाचायला आवडेल.

या कचेऱ्यांना 'जवळचे' काय आणि 'दूरचे' काय, हे मैलांवर ठरत नाही. कमला हॅरिस उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या आजोबांचे तुळसेंद्रपुरम हे तमिळनाडूतले खेडे मराठी वाचकाला तोंडपाठ झाले. तिथल्या देवळातली पूजा, अभिषेक, फलक, सगळे आले. ज्याला पेण तालुक्यातल्या वाडीचे नाव ठाऊक नाही त्याला तुळसेंद्रपुरम ठाऊक. कारण तिथे कचेरीला आपले नातेवाईक दिसले. पण त्याच अमेरिकेत, २१ फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. असे करणारे ते तिथले पहिले शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपाल न्यूसम यांनी ते परत पाठवले. महाराष्ट्रातून गेलेल्या कितीतरी घरांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. त्यावर नकाशे निघाले? चौकटी आल्या? म्हणजे परदेशी बातमीलाही जागा असते ती एका विशिष्ट परदेशाला. ज्या अमेरिकेत आपली जात विचारली जाते ती अमेरिका आतल्या पानावर.

हे सगळे बाबासाहेबांनी आपल्या काळात भोगले आणि त्यावर इलाज केला. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाले तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता. पहिल्याच अंकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वर्तमानपत्रांची तपासणी करून दाखवून दिले की ती विशिष्ट जातींचे हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते. १९-२० मार्च १९२७ ला महाडला, म्हणजे आमच्याच कुलाबा जिल्ह्यात, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक बाहेर पडला. पंधरा दिवसांत. बातमी दुसऱ्याच्या हाती सोपवली तर ती आपली राहत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे चरीच्या शेतकऱ्यांचा संप याच जिल्ह्यात वर्षानुवर्षे चालला, आणि त्या लढ्यातले नारायण नागू पाटील यांनीही स्वतःचे 'कृषीवल' काढले. लढणाऱ्यांनी पत्र काढायचे, ही या जिल्ह्याची रीत होती.

आणि या सगळ्यांना परदेश वर्ज्य नव्हता. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉय यांना पत्र लिहिले, कारण कृष्णवर्णीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे कसा मांडला गेला ते त्यांना हवे होते. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव अमेरिकेतूनच उचलले. ही माणसे अमेरिकेकडे पाहत होती ती आपल्या वेठीचे, आपल्या पाणवठ्याचे उत्तर शोधत. आजचे वर्तमानपत्र पाहते ते मॅच पाहिल्यासारखे.

पण बोट दुसऱ्याकडे करताना तीन बोटे आपल्याकडे आहेत. २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइडला मारले तेव्हा आपल्यातल्या सगळ्यांनी लिहिले. मीही लिहिले, कविता लिहिली. ते चूक नव्हते. पण त्या कवितेच्या वेळी बौद्धवाडीपलीकडच्या कातकरवाडीत किती घरांवर मुकादमाची किती उचल आहे, हे मला ठाऊक नव्हते, आणि मी त्या वाडीवरून रोज शाळेत जात होतो. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत पाऊल टाकले म्हणून महाराष्ट्र सरकार तो दिवस विद्यार्थी दिवस मानते. २०२० च्या त्या ७ नोव्हेंबरच्या रात्री मी काय करीत होतो? जागा राहून पेनसिल्व्हेनियाची मते पाहत होतो. ओट्यावरच्या काकांच्या मी एक रात्र पुढे होतो, एवढेच. आपली नियतकालिके, आपले परिसंवाद कातकऱ्यांविषयी किती बोलतात? गावकुसाबाहेरही एक कूस असते.

ग्रामपंचायतीत एवढे काय ठरते, असे शहरातला विद्यार्थी मला विचारतो. स्मशानाची वाट ठरते. गायरानावरची घरे कायम करायची की पाडायची, हे तिथल्या ठरावाने सुरू होते. नळाची वाहिनी वाडीपर्यंत जाणार की शेवटच्या सवर्ण घराशी थांबणार, तेही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राखीव जागा आल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या. सरपंच थेट लोकांतून निवडण्याचा कायदा २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. या येण्याजाण्याने राखीव जागेवरच्या बाईचे काय झाले, अविश्वासाचे ठराव कोणाविरुद्ध आले, याचा एक तक्ता कोणी छापला असता तर तो पेनसिल्व्हेनियाच्या तक्त्याइतकाच वाचनीय झाला असता. आणि जिल्हा परिषद? रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक बसला. आरक्षणाच्या नि प्रभागांच्या वादात निवडणूक अडकली ती जवळजवळ चार वर्षे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा चाक हलू लागले. म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्टोरल कॉलेजची रचना मराठी माणूस चवीने वाचत होता, तेव्हा त्याच्या स्वतःच्या जिल्हा परिषदेत त्याने निवडलेला एकही माणूस नव्हता. गंमत अशी की निवडणूक न होणे हीसुद्धा घटना नव्हे. घडले काय?

दूर गेलेल्या मतदाराचे म्हणाल तर २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय निवडणूक आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राची कल्पना मांडली. पुढच्या महिन्यात पक्षांसमोर प्रात्यक्षिक ठेवले, पक्षांनी शंका काढल्या, आणि यंत्र तिथेच राहिले. भट्टीपर्यंत ते आलेले नाही.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान होते. अमेरिकेच्या मतदानानंतर पंधरा दिवसांनी. दिवाळी होऊन गेली होती, वाड्या रिकाम्या झाल्या होत्या. त्या सकाळी मी नाक्यावर उभा होतो. दोन टेम्पो आले, मागे ताडपत्री, आत उभी माणसे. एक मुलगा मला ओळखून "गुरुजी" म्हणाला. चार वर्षांपूर्वी त्याच्यासाठी मी कागद घेऊन फिरलो होतो. आता तो मतदार झाला होता. मी विचारले, "गाडी कोणाची रे?" तो म्हणाला, "म्हायीत न्हाय. शेठला फोन आला, शेठने सोडले. वोट टाकून तीन वाजता परत जायचे, नायतर खाडा." संध्याकाळी टेम्पो परत गेले. त्याचा मी दोन कागदांचा मजकूर लिहिला आणि या वेळी कोणत्या दैनिकाला पाठवला नाही; नववीच्या मुलांकडून तो मोठ्या अक्षरात लिहून घेऊन शाळेच्या भिंतीवर लावला, वाडीवार आकड्यांसह. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तो काढला. मुलांनी पुन्हा लिहिला.